कोबीचं तिसरं वर्ष

प्रिय मान्याकालो,

काल दुपारपासून बर्फ पडतंय. खिंडीतला रस्ता बंद झालाय, मासेरूची गाडी दुकानापाशी उभी आहे आणि ड्रायव्हर गावात आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी जेवतोय. रस्ता उघडला की हे पत्र त्याच्या हाती देईन. ब्लूमफाँटेनच्या गाडीवाल्याकडे पोचवतो म्हणालाय. तेव्हा मला लिहायला हवा तेवढा वेळ आहे. एरवी मी तुला काय लिहिलंय गं आजवर? खाणीतून लिहायचो तेसुद्धा एवढंच, की तब्येत बरी आहे, इकडे उकडतंय फार, मेंढ्यांकडे लक्ष दे. आज शेणी चांगल्या पेटल्यात, घरात ऊब आहे आणि समोर बोलायला कुणी नाही. म्हणून आज तू ऐक.

तुझ्या म्हाताऱ्या बाईंचा गुडघा कसा आहे? आपली लेक न्याकालो सांगत होती, त्या घरात सामानाची बांधाबांध सुरू झालीये, भिंतीवरची चित्रंसुद्धा उतरवलीत म्हणे. त्याचं मी लिहितो, पण मागाहून. आधी बागेचं लिहितो. बागेचं मला सांगता येतं.

खाणीनं मला घरी पाठवलं तो हिवाळा तुला आठवत असेल. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एक अख्खा हिवाळा आपण एका छपराखाली काढला तो तेवढाच. मी चुलीपाशी खोकत बसायचो आणि तू माझ्या पायांवरून इकडून तिकडे करताना म्हणायचीस, हा एवढा मोठा माणूस आता ठेवू कुठे. घरात माझी जागाच नव्हती; तू आणि न्याकालोनं माझ्यावाचून सगळं लावून घेतलं होतं. मला ते फार आवडलं होतं, तुझ्या वाटेत येणं. मग हिवाळा सरला आणि तू ब्लूमफाँटेनला बाईंच्या घरी कामाला निघालीस. कुणीतरी जायला हवंच होतं. न्याकालोचं नर्सिंगचं शिक्षण समोर होतं आणि माझ्या छातीला आता कुणी काम देणार नव्हतं.

जाताना तू मला बियांचा डबा उघडून दाखवलास. ही कोबीची, ही सलगमची, ही गाजराची, गाजर घट्ट पेरू नका, नाहीतर विरळणी करताना रडाल. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाईमाणसांचं काम, त्यात शिकायचं काय. तू गेलीस आणि लगेच असं छान ऊन पडायला लागलं की विचारू नकोस. पीचच्या झाडांना गुलाबी फुलं आली. मी म्हटलं, झाला उन्हाळा. घराच्या मागचा तुझा सगळा वाफा खणला आणि रोपं लावून टाकली. म्हातारी मात्सेबो तिच्या कुंपणाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "मोहाऊ, पीच हे येडं झाड आहे. दरवर्षी फसतं. तू कशाला त्याच्या नादी लागतोस?" मी म्हटलं, "माई, इतकी वर्षं जमिनीच्या पोटात काढली मी, मला जमीन शिकवता होय?" ती म्हणाली, "पोटातली वेगळी बाबा. तिथं दंव पडत नाही."

आणि पडलं. एका सकाळी दार उघडून बघतो तर सगळं रान गोठलेल्या दंवानं पांढरं, आणि ऊन वर आल्यावर तुझ्या वाफ्यातली रोपं शिजवून ठेवल्यासारखी काळी, मऊ. एक उरलं नाही. मी तिथं उकिडवा बसलो होतो तेवढ्यात ख्वेली घोड्यावरून चालला होता. त्याला तर निमित्तच हवं असतं. "काय न्ताते, बायको नोकरीला आणि तुम्ही भाजीत. उद्यापासून पाण्याची घागर डोक्यावर घेणार का?" मी म्हटलं, "घेणार तर. तुझ्या बायकोबरोबरच जाणार पाण्याला." तो घोडा हाकत गेला, पण ती गोष्ट मळणीच्या खळ्यावर गप्पा मारत बसणाऱ्या पुरुषांपर्यंत पोचली आणि वर्षभर मला तिथं बसू देईना कुणी. तुला मी तेव्हा सांगितलं की कोबी बरा आलाय. नव्हता आला. मी ते वर्ष दुकानातून आणलेल्या डब्यातल्या सोयाबीनवर आणि मात्सेबोनं दिलेल्या रानभाजीवर काढलं. मक्याच्या पिठाची घट्ट पाप तेवढी मला बरी जमते, तळाला लागते पण जमते.

दुसऱ्या वर्षी मी वाफा वर उचलला. खाली वाकलं की छातीत शिट्टी वाजते, आणि गुडघेही आता माझे राहिले नाहीत. तेव्हा ठरवलं, आपण जमिनीकडे जायचं नाही, जमिनीला आपल्याकडे आणायचं. कंबरेइतक्या उंच दगडी भिंतीचा गोल वाफा, एका बाजूनं आत शिरायला वाट, मधोमध काटक्यांची उभी टोपली, तिच्यात खरकटं आणि भांड्यांचं पाणी टाकायचं. ओढ्यातून दगड आणायलाच मला महिना लागला. गाढवावर घालायचो, दोन पावलं चाललो की दोघं उभे राहून धापा टाकायचो, आधी मी की आधी गाढव ते कळायचं नाही. आणि गंमत बघ, जन्मभर मी दगड फोडत आलो. दगड फोडायला फार विचार लागत नाही. रचायला लागतो. हा इथं बसेल का, याचा कोन त्याच्या खांद्यात जाईल का, असं एकेक दगड हातात फिरवून बघायचो. भिंत दोनदा ढासळली. तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा मी तिच्यावर बसून बघितलं. तळाशी गंजके डबे, हाडं, वाळलं गवत घातलं, वर राख, मेंढ्यांच्या लेंड्या, माती. आणि या खेपेला पीचकडे बघितलंच नाही. मात्सेबो रोपं लावायला बाहेर आली तेव्हाच मीही लावली. तिनं वळून बघितलं आणि पुन्हा आपल्या वाफ्यात वाकली. तिनं काही बोलू नये यातच सगळं आलं.

दगड दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर हळूहळू सोडतात, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या गावात माझी पालेभाजी आधी आली. मग कोबीवर मावा पडला, पानांखाली राखाडी रंगाची दाटी. साबणाचं पाणी, राख, बोटांनी चिरडणं, सगळं केलं. सलगम आतून किडलं. गाजरं तू सांगितल्यासारखी विरळ पेरली नव्हती, ती एकमेकांना मिठ्या मारून वाढली, दोन पायांची, तीन पायांची. न्याकालोनं सुट्टीत येऊन बघितली तेव्हा हसता हसता खाली बसली. पण कोबी. कोबीचे गड्डे असे भरले की मी सकाळी उठून आधी त्यांच्यावर थाप मारून यायचो, मग तोंड धुवायचो. ऐन उन्हाळ्यात, नाताळला तू येणार होतीस. मी एकही कापला नाही. मात्सेबो म्हणाली, "मोठे झालेत, काप, आभाळाचा काय भरवसा." मी म्हटलं, तिनं आधी बघू दे.

तू यायच्या आदल्या संध्याकाळी गारा पडल्या. तुला माहीत आहे सगळं, तू आलीस तेव्हा वाफ्याच्या भिंतीशी गारांचे ढीग अजून वितळत होते आणि कोबी म्हणजे नुसत्या चिंध्या. पण तुला जे माहीत नाही ते सांगतो. तू गाडीतून उतरलीस, पिशव्या दारात ठेवल्यास आणि घरात न जाता मागे गेलीस. मी तुझ्या मागं मागं, काय काय सांगत होतो, किती मोठे होते, हाताच्या कवेत मावत नव्हते. तू ऐकतच नव्हतीस. तू भिंतीवरून हात फिरवत सगळी फेरी मारलीस आणि म्हणालीस, "हे तुम्ही केलंत?" तेवढंच. मग पदरासारखी घोंगडी कंबरेला खोचलीस, त्या चिंध्या वेचल्यास, आणि रात्री तो पाला परतून त्याचंच मोरोहो केलंस. मला आयुष्यात कुणी तसं विचारलं नव्हतं गं. खाणीतून वर काढलेल्या दगडावर कुणाचं नाव नसतं.

त्या सुट्टीत तू फार झोपलीस. मी तुला झोपू दिलं. पण रोज पहाटे तू दचकून उठायचीस आणि चहाचं आधण ठेवायचीस, आणि ते उकळायला लागलं की तुला आठवायचं की इथं कुणी चहासाठी घंटी वाजवणार नाही. मग तू तशीच उभी राहायचीस. मी जागा असायचो. तुझ्या हातांना कुणा परक्या घराच्या साबणाचा वास यायचा, गोड, फुलांचा. तू निघायच्या वेळेपर्यंत तो जाऊन शेणीच्या धुराचा यायला लागला होता, आणि तेवढ्यात तू गेलीस.

आता या वर्षाचं. हे कोबीचं तिसरं वर्ष, आणि या वर्षी मी हरलो नाही. वसंतात रोपं लावून झाल्यावर एकदा उशिराचं दंव आलं. संध्याकाळीच आभाळ असं स्वच्छ, वारा पडलेला, मला कळलं. घरात होतं नव्हतं ते सगळं वाफ्यावर घातलं, पोती, जुनी चादर, तरी एक कडा उघडी राहिली, म्हणून अंगावरची घोंगडी काढून घातली. सकाळी मात्सेबो आली. म्हणाली, "मोहाऊ, कोबीशी लग्न लागलं वाटतं, घोंगडी पांघरवलीस ती." मी म्हटलं, "घरात दुसरं आहे कोण पांघरायला?" मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिचा नवरा खाणीत गेला तो परत आलाच नाही, हे मी बोलताना विसरलो होतो. ती कितीतरी वेळ माझ्याबरोबर घोंगडीवरचं दंव झटकत राहिली.

रोपं वाचली. गारा आल्या त्या खालच्या गावावर पडल्या. मावा आला तो पाहुण्यासारखा आला आणि गेला. कोबी, बीट, वाटाणा, कांदे, जाड देठाचा पालक, सगळं. गाजरंसुद्धा सरळ, एका पायाची. ख्वेली एक दिवस घोड्यावरून उतरून आला. मीठ मागायला आलो म्हणाला. मीठ घेतलं, बसला, हवेबद्दल बोलला, मेंढ्यांबद्दल बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "न्ताते, ते तुमचे दगड... आमची मंडळी म्हणत होती, तसं आपल्याकडे झालं तर." मी म्हटलं, "बायकांचं काम आहे, तुला झेपणार का?" आता त्याच्या घरामागं एक आहे, शाळेपाशी एक आहे. दोन्ही मीच उभा राहून रचून घेतले. मला सगळे बोलावतात. खळ्यावर माझी जागा मला परत मिळाली, उलट बूडभर जास्तच मिळाली.

पण एक सांगू? हरत होतो तेव्हा बरं होतं. वाफ्यात काही नसायचं तेव्हा वाटायचं, ती आली तरी तिला दाखवायला काय आहे. आता आहे, आणि मी एकटा ताट घेऊन बसतो. तू करतेस तसं मोरोहो करून बघितलं, कांदा आधी, पाला बारीक, झाकण न ठेवता. रंग तोच येतो. चव येत नाही. इतकी भाजी झाली की मी आधी मात्सेबोला दिली, मग चर्चला, मग शाळेला, शेवटी वाटेनं जाणाऱ्याला थांबवून द्यायला लागलो. लोक आता मला बघून दुसरी वाट धरतात. एक गड्डा मात्र ठेवला होता. सगळ्यांत मोठा, वाटेच्या उजव्या हाताचा. ईस्टरला तू येणार होतीस. मग तुझ्या बाई पडल्या, त्यांचा गुडघा गेला, तू नाही आलीस. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येईल, राहू दे. हिवाळ्याआधीचा पाऊस झाला आणि एका सकाळी तो गड्डा मधोमध तडकला. कापायची वेळ टळून गेली की कोबी तसाच राहत नाही, मान्याकालो. आतून वाढत राहतो आणि फुटतो. अर्धा मी खाल्ला, अर्धा मेंढ्यांना घातला.

आता मी ते लिहितो जे मागाहून लिहीन म्हटलं होतं. गेल्या रविवारी मी टेकडीवर चढून फोन लावला तेव्हा तू सांगितलंस, की बाईंचा मुलगा त्यांना केपटाउनला आपल्या घरी नेतोय, समुद्राजवळ, आणि बाई म्हणतात तुझ्याशिवाय जाणार नाही. तुला मागच्या अंगणात वेगळी खोली मिळेल, पगार वाढेल, पण घरी यायला मिळेल ते दोन वर्षांतून एकदा, बाई आहेत तोवर. तू विचारलंस, "तुम्ही सांगा, जाऊ की नको?" वारा फार होता. मी म्हटलं, "तुला वाटेल तसं कर." तू म्हणालीस, बरं. मी टेकडी उतरलो आणि तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. न्याकालोला मनातलं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताते, हे सगळं मला काय सांगताय? आईला सांगा." आणि मला आठवलं की 'वाटेल तसं' हे शब्द माझे नाहीत, तुझे आहेत. दर सुट्टी संपली की मी ट्रंक बांधायचो आणि तुला विचारायचो, जाऊ ना? आणि तू दर वेळी म्हणायचीस, "तुम्हाला वाटेल तसं." मी वेल्कमच्या खाणीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचो आणि वाटायचं, हिला माझ्या जाण्याचं काही वाटत नाही, ही खंबीर आहे. त्या रविवारी मी ते शब्द स्वतःच्या तोंडून ऐकले आणि ते कशाच्या वर झाकण ठेवतात ते मला कळलं. तू मला 'जाऊ नका' म्हणाली असतीस तरी मी गेलो असतो, जावंच लागलं असतं. पण खाली, त्या अंधारात, ते एक वाक्य माझ्यापाशी असतं. तुला ते असावं म्हणून हे पत्र. जाऊ नकोस. न्याकालोचं शेवटचं वर्ष आहे, मेंढ्या काढू, ख्वेली घ्यायला तयार आहे, मी त्याच्याशी बोललो आहे. पुढं ती तिच्या पायावर उभी राहील. आपण दोघं थोडक्यात राहू. मला तू इथं हवी आहेस, चुलीपाशी माझ्या पायांवरून इकडून तिकडे करत. तरी तू गेलीस तर मी रागावणार नाही, मला तेवढा हक्क नाही. फक्त केपटाउनला कुणी विचारलं की नवरा काय म्हणाला, तर 'जा' म्हणाला असं सांगू नकोस. नवरा 'ये' म्हणाला.

इथंच असलेला,
तुझाच
मोहाऊ